यंत्रातले यंत्र आणि नाकारलेली किल्ली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबविली, तेव्हा शहरांतील मोठ्या कचेऱ्यांनी नवी यंत्रे मागवून तो प्रश्न निकालात काढला असेल. परंतु वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात किन्हीराजासारख्या गावी, जेथे एकाच टेबलावर झेरॉक्स, पीकविम्याचे अर्ज, लग्नपत्रिका आणि ग्रामपंचायतीच्या नोटिसा अशी सगळी कामे उरकावी लागतात आणि जेथला संगणक आठ-दहा वर्षे इमानाने राबत आलेला असतो, तेथे तो प्रश्न इतक्या सहजासहजी सुटण्याजोगा नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नामक संरक्षक चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीची बहुतेक यंत्रे, अंगात काम करण्याची पुरेशी धमक असूनही, एका फर्मानासरशी बाद ठरली. कंपनीने वर्षभराची मुदतवाढ देऊ केली खरी, परंतु मुदतवाढ म्हणजे सुटका नव्हे, हे पीककर्जाचे हप्ते भरणाऱ्या प्रदेशाला वेगळे सांगावयास नको. सोयाबीनचा पैसा हाती येईपर्यंत नव्या यंत्राची ऐपत नसलेला दुकानदार अशा वेळी उबुंटू किंवा लिनक्स मिंट या विनामूल्य लिनक्स प्रणालींकडे वळतो, त्या तासाभरात यंत्रावर बसतातही, आणि ब्राउझर, प्रिंटर व युनिकोड मराठी या तिन्ही गोष्टी फारशी तक्रार न करता चालू लागल्यामुळे पहिला आठवडा मोठ्या समाधानात जातो.

मग लग्नसराई येते, आणि कोणीतरी थोरल्या मुलाच्या लग्नातली पत्रिका घेऊन येतो व ‘हीच, फक्त नावे आणि तारीख बदला’ असे म्हणतो. पत्रिकेची फाइल यंत्रात असते; ती उघडते आणि ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी रोमन अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे आणि उलटसुलट कंस यांची एक अगम्य रांग पडद्यावर उभी राहते. फाइल बिघडलेली नसते. युनिकोड घरोघर पोहोचण्यापूर्वी मराठी छपाईचा सारा व्यवहार ज्या सॉफ्टवेअरांवर चालला, म्हणजे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, आकृती आणि त्यांची इतर भावंडे, त्यांनी देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसविलेले होते, आणि तेही प्रत्येकाने आपापल्या रीतीने. फाइलीत साठवलेली असते ती रोमन चिन्हांची मालिका. ती मराठी दिसते ती केवळ त्या विशिष्ट फॉन्टच्या कृपेने. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही सर्वसंमत संहिता १९९१ सालीच भारतीय मानक म्हणून मान्य झालेली होती, परंतु पेजमेकर आणि कोरलड्रॉ यांच्यात मजकूर बसविण्याची घाई असलेल्या छापखान्यांनी फॉन्टचा जवळचा रस्ता पत्करला, आणि त्या जवळच्या रस्त्याचा टोल आपण अद्याप भरीत आहोत.

नुसता फॉन्ट लिनक्सवर आणून भागत नाही. कळफलकाची योजना, जोडाक्षरांचा हिशेब, पेजमेकरची पाने (पेजमेकरची अखेरची आवृत्ती २००१ सालची आहे, तरी ती गावोगाव चालते) हे सर्व विंडोजशी जखडलेले. आणि अशा कित्येक मराठी सॉफ्टवेअरांबरोबर डोंगल नावाचे लहानसे कुलूप येत असे, जे यूएसबीच्या भोकात बसविल्याशिवाय कार्यक्रम उघडतच नाही. विंडोजचे कार्यक्रम लिनक्सवर थेट चालविणारे वाइन नावाचे साधन आहे, आणि त्याच्याच आधाराने कोरल कंपनीने २००० साली कोरलड्रॉची लिनक्स आवृत्ती काढून पाहिली होती, हा इतिहास आज कोणाच्या स्मरणात नाही. परंतु डोंगलचा ड्रायव्हर विंडोजच्या अंतर्भागात बसावा लागत असल्यामुळे वाइन तेथे बहुधा हात टेकते. उरतो एकच मार्ग, तो म्हणजे लिनक्सच्या आत संपूर्ण विंडोजच चालविणे. परदेशात लोक लिनक्सवर आभासी यंत्र बसवितात ते खेळांसाठी, प्रयोगांसाठी किंवा नव्या प्रणालीची चव पाहण्यासाठी. मराठी डीटीपीवाल्याला ते लागते स्वतःच्याच भाषेतले जुने दप्तर उघडण्यासाठी, आणि म्हणून ते बसविताना येणाऱ्या अडचणी हा केवळ हौशी तंत्रज्ञांचा विषय राहत नाही.

आभासी यंत्र, ज्याला सगळे व्हर्च्युअल मशीन किंवा नुसते ‘व्हीएम’ म्हणतात, ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज गावी आयबीएमच्या शास्त्रीय केंद्राने सीपी-४० ही प्रणाली १९६७ साली चालू केली, तीत एकाच प्रचंड यंत्रावर अनेक वापरकर्त्यांना प्रत्येकी स्वतंत्र यंत्र हाती असल्याचा प्रत्यय येत असे; १९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर करून तीच कल्पना बाजारात आणली. घरगुती संगणकाच्या प्रोसेसरची घडण मात्र या कामाला प्रतिकूल होती, कारण पाहुण्या, म्हणजे आत चालणाऱ्या, प्रणालीने दिलेल्या काही नाजूक आज्ञा यजमान प्रणालीच्या नजरेस न येताच परस्पर निकालात निघत. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ साली त्या आज्ञा चालू असतानाच बदलून टाकण्याची युक्ती काढून हा अडथळा ओलांडला, आणि इंटेलने २००५ साली व एएमडीने २००६ साली प्रोसेसरमध्येच त्यासाठी खास तरतूद केली. इंटेलच्या तरतुदीचे नाव व्हीटी-एक्स, एएमडीच्या तरतुदीचे एएमडी-व्ही; आणि आजच्या निम्म्या अडचणींचा उगम हीच तरतूद यंत्रात निद्रिस्त असण्यात आहे.

आपल्याकडे सर्वाधिक वापरात आहे ते व्हर्च्युअलबॉक्स. इनोटेक या जर्मन कंपनीने ते घडविले आणि जानेवारी २००७ मध्ये त्याची मुक्त आवृत्ती प्रसिद्ध केली, २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी घेतली, २०१० साली ओरॅकलने सन घेतली. मालक बदलत गेले, निळी पेटी तीच राहिली. ते उतरवून घेण्यास पैसा पडत नाही, खिडक्या समजण्यास सोप्या आहेत, आणि बटण दाबले की ‘बसविले’ असा निर्वाळाही तत्काळ मिळतो. घोटाळा होतो तो पुढे, आभासी यंत्र सुरू करण्याच्या क्षणी, जेव्हा एक चौकट उघडते आणि ‘कर्नेल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड’ एवढे म्हणून कंसात उणे १९०८ हा आकडा दाखविते.

या निर्वाळ्यातला आणि नकारातला विरोध समजून घेतला की पुढचे पुष्कळ सोपे होते. इतर सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ लिबरऑफिस, वापरकर्त्याच्या अंगणात राहते; ते कर्नेलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, अर्ज करते आणि मिळेल त्यात भागविते. आभासी यंत्राला एवढ्याने भागत नाही, त्याला प्रोसेसरचे आणि स्मृतीचे विशेषाधिकार थेट हवे असतात, आणि त्यासाठी त्याचा एक अंश, ज्याला मोड्यूल म्हणतात, खुद्द कर्नेलच्या आत जाऊन बसावा लागतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या या मोड्यूलचे नाव व्हीबॉक्सडीआरव्ही. व्हीएमवेअरचे व्हीएममॉन आणि व्हीएमनेट हे त्याचेच चुलतभाऊ, आणि त्यांच्या तक्रारीही थेट त्याच घराण्यातल्या आहेत. लिनक्सच्या कर्त्यांनी अंतर्भागातली रचना कोणत्याही आवृत्तीत बदलण्याचे स्वातंत्र्य हेतुपुरस्सर स्वतःकडे राखलेले असल्यामुळे असे बाहेरचे मोड्यूल एकदा तयार करून कायमचे वापरता येत नाही; ते त्या त्या यंत्रावर, त्या त्या कर्नेलसाठी, नव्याने बांधावे लागते. तेव्हा बिघाड व्हर्च्युअलबॉक्समध्ये शोधणे बहुधा व्यर्थ होय. तो असतो व्हर्च्युअलबॉक्स आणि कर्नेल यांच्या सांध्यात, आणि पडद्यावरची शेवटची चौकट त्या सांध्याविषयी सर्वांत कमी सांगते.

खरी कैफियत असते नोंदवहीत. ओरॅकलच्या संचातून बसविलेले असेल तर ‘व्हार’ या फोल्डरातील ‘लॉग’ या उपफोल्डरात व्हीबॉक्स-सेटअप नावाची फाइल मिळते. उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातून घेतले असेल तर ‘व्हार’ मधल्याच ‘लिब’ च्या पोटात डीकेएमएस नावाचे दालन असते आणि त्यात बांधणीचा सविस्तर वृत्तांत सापडतो. तो वाचताना तळापासून वर जाण्याचा मोह होतो, कारण तळाशी ‘एरर’ हा शब्द ठळक दिसतो. परंतु तो शब्द केवळ पंचनाम्याचा शेवट असतो. वरून खाली येत जी पहिली नकारात्मक ओळ भेटेल तीच कामाची, आणि ती बहुतेक वेळा तीन-चार ठरावीक गोष्टींपैकीच एक सांगते.

सर्वांत सामान्य प्रकार हेडरांचा. मोड्यूल बांधण्यास कर्नेलच्या रचनेचे वर्णन करणाऱ्या हेडर फाइली लागतात, आणि त्या चालू कर्नेलच्या नेमक्या त्याच आवृत्तीच्या असाव्या लागतात. शिवाय जीसीसी, मेक ही बांधणीची हत्यारे हवीत. ‘युनेम’ ही आज्ञा ‘आर’ या पर्यायासह दिली की कोणता कर्नेल चालू आहे ते कळते, आणि तोच आकडा हेडरांच्या संचाच्या नावात आहे किंवा नाही एवढे ताडून पाहावयाचे. गंमत अशी की कित्येकदा दोन्ही बरोबर असतात, पण निराळ्या दिवसांचे: रात्री अद्ययावतीकरण झाले, नवा कर्नेल आणि त्याचे हेडर दोन्ही उतरले, परंतु यंत्र पुन्हा सुरू न केल्यामुळे चालू आहे तो जुनाच. अशा वेळी फक्त रीस्टार्ट हाच इलाज. नव्या कर्नेलसाठी मोड्यूल दरवेळी आपोआप बांधले जावे म्हणून डेल कंपनीने २००३ साली डीकेएमएस ही व्यवस्था निर्माण केली, आणि ती बसविलेली असेल तर हा तगादा बराच कमी होतो. मात्र व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती जुनी आणि कर्नेल अगदी ताजा असेल तर डीकेएमएसही हतबल ठरते, कारण ज्या रचनेला धरून मोड्यूल लिहिले ती रचनाच उरलेली नसते. त्यावर व्हर्च्युअलबॉक्सची नवी आवृत्ती घेणे किंवा सुरू होतानाच्या यादीतून मागचा कर्नेल निवडणे हे दोनच पर्याय आहेत, आणि दुकान चालवायचे असेल तर दुसरा पर्याय तात्पुरता उत्तम.

याच ठिकाणी वऱ्हाडातल्या एका खास विघ्नाचा उल्लेख करणे भाग आहे. अद्ययावतीकरण अर्ध्यावर असताना लाइन जाते, यूपीएसची बॅटरी केव्हाच वारलेली असते, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर कोणताही संच बसविण्यास गेले की ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ असे उत्तर मिळते. ही वस्तुतः शुभ खूण आहे, कारण उपाय त्याच ओळीत लिहिलेला असतो: ‘डीपीकेजी’ ला ‘कॉन्फिगर’ आणि ‘ए’ या पर्यायांसह प्रशासकाच्या अधिकाराने चालवावे, म्हणजे अर्धवट राहिलेली सारी कामे ते क्रमाने पुरी करते, आणि त्यात मोड्यूलची अर्धवट बांधणीही येते. याच्याशी मिळतीजुळती दुसरी तक्रार कुलपाची, ‘लॉक’ मिळत नाही अशी. तेथे मात्र कोणी सांगितले म्हणून ती कुलपाची फाइल पुसून टाकू नये. बहुधा प्रणाली पार्श्वभूमीवर स्वतःची अद्यतने बसवीत असते, आणि तिचे काम उरकेपर्यंत धीर धरणे एवढेच आपले काम असते. चहा पिऊन यावे.

हेडर आहेत, बांधणी निर्विघ्न झाली, तरी मोड्यूल आत जाण्यास नाकारले जाते, आणि नोंदवहीत ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ अशी ओळ उमटते, तो प्रकार सर्वांत अधिक लोकांना गोंधळात टाकतो, कारण येथे काहीच बिघडलेले नसते. २०१२ साली विंडोज ८ आले तेव्हापासून नव्या संगणकांत सिक्युअर बूट नावाचा पहारा असतो, जो विश्वासू कंपनीची सही नसलेल्या कोणत्याही कार्यक्रमाला यंत्राच्या गाभ्यात शिरू देत नाही. उबुंटूच्या कर्नेलवर आणि त्याच्या बरोबर येणाऱ्या मोड्यूलांवर अशी सही असते. आपल्या टेबलावर दोन मिनिटांपूर्वी बांधलेल्या मोड्यूलवर ती कोठून असणार? तहसील कचेरीत ज्या कागदावर सही-शिक्का नाही तो मजकुराने कितीही खरा असला तरी आवक-बारनिशीत चढत नाही, तशीच ही गत. फरक इतकाच, की येथे यंत्राच्या मालकाला स्वतःचा शिक्का तयार करून तो दप्तरी नोंदविण्याची मुभा आहे, आणि त्या शिक्क्याचे नावच मशीन ओनर की, अर्थात ‘मोक’, असे आहे.

नोंदणीची रीत एकदा नीट पाहून ठेवण्याजोगी आहे. व्हर्च्युअलबॉक्स उबुंटूच्या भांडारातून बसविताना टर्मिनलमध्ये एक जांभळी चौकट येते आणि सिक्युअर बूटसाठी एक परवलीचा शब्द मागते, किमान आठ अक्षरांचा. हा शब्द एकदाच, फक्त पुढच्या सुरुवातीच्या वेळी लागणार असतो, तेव्हा तो अवघड असण्याची आवश्यकता नाही. मराठी टंकलेखन करणाऱ्याने तर तो केवळ रोमन कळफलकावरच्या अंकांचा ठेवावा, कारण पुढचा पडदा इन्स्क्रिप्ट हा मराठी कळफलक जाणत नाही. यंत्र पुन्हा सुरू केले की विंडोज किंवा लिनक्स यांपैकी कोणाचाही नसलेला, गडद निळा, जुन्या डॉसच्या काळातला वाटावा असा पडदा येतो आणि कोणतीही कळ दाबा असे म्हणत दहापासून उलटे मोजू लागतो. बहुसंख्य लोक येथेच फसतात: यंत्र सुरू होत आहे असे समजून ते गिऱ्हाइकाकडे वळतात, दहा आकडे संपतात, नोंदणी न होताच प्रणाली सुरू होते आणि सारा अर्ज पुन्हा करावा लागतो. कळ दाबली की यादी येते. तीत ‘एन्रोल मोक’, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, मग तो शब्द (टंकताना पडद्यावर काही उमटत नाही, म्हणून कळफलक बंद पडला असे समजू नये), आणि शेवटी ‘रीबूट’. यानंतर डीकेएमएस प्रत्येक नव्या मोड्यूलवर तोच शिक्का उमटवीत जाते. ओरॅकलचा संच थेट उतरवून घेतला असेल तर किल्लीची ही तजवीज बऱ्याचदा स्वहस्ते, मोकयुटिल या साधनाने करावी लागते, आणि एवढ्या कारणासाठीही नवख्याने भांडारातली आवृत्ती घेणे श्रेयस्कर, असे माझे मत आहे. ओळखीचे लोक सिक्युअर बूटच बंद करण्याचा सल्ला देतात. त्याने काम भागते हे खरे. परंतु ज्या यंत्रावर गावाच्या आधार क्रमांकांची आणि बँक पासबुकांची रोज ये-जा असते, त्या यंत्राचा पहारा पाच मिनिटांच्या आळसापायी उठविणे मला प्रशस्त वाटत नाही.

भांडाराचा विषय निघालाच आहे तर मिंटवाल्यांची एक फसगत सांगून टाकतो. जुलै २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ चे टोपणनाव विल्मा, परंतु ती उभी आहे उबुंटू २४.०४ च्या, म्हणजे नोबलच्या पायावर. ओरॅकलच्या भांडाराच्या पत्त्यात विल्मा लिहिले तर पत्ताच सापडत नाही, नोबल लिहिले की सापडतो. उबुंटूचा आणि ओरॅकलचा असे दोन्ही संच एकावर एक बसविणे हाही एक ठरलेला प्रमाद आहे. एक पूर्ण काढावा, मगच दुसरा घालावा.

यानंतर प्रोसेसरची निद्रा. व्हीटी-एक्स बंद आहे असे सांगणारा संदेश आला, किंवा विंडोजच्या आवृत्त्यांच्या यादीत फक्त ३२ बिटांच्याच दिसू लागल्या, तर यंत्र सुरू होताना एफ-२, डिलीट किंवा त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून बायोसमध्ये शिरावे आणि ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ किंवा एएमडीच्या यंत्रावर ‘एसव्हीएम मोड’ ही ओळ शोधून ती ‘एनेबल्ड’ करावी. ती ओळच नसेल तर प्रोसेसरात ती सोय नसण्याचा संभव आहे, आणि मग हट्ट सोडावा, कारण व्हर्च्युअलबॉक्सने डिसेंबर २०१९ च्या ६.१ या आवृत्तीपासून या सोयीवाचून चालण्याची पद्धतच काढून टाकली आहे. ३२ बिटांच्या यजमान प्रणाली तर त्याच्या आदल्या वर्षीच वगळल्या गेल्या.

याच्या अगदी उलट स्वरूपाचा, आणि म्हणून अधिक चकविणारा, एक नवा बिघाड अलीकडे दिसू लागला आहे. सर्व काही महिनोन्‌महिने सुरळीत चाललेले असते, हेडर आहेत, शिक्का आहे, बायोसमधली ओळ चालू आहे, आणि एका सकाळी आभासी यंत्र ‘व्हीएमएक्स रूट मोड’ असे काही शब्द असलेली तक्रार करून उठण्यास नकार देते. कारण असे: लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम नावाची आभासी यंत्रांची स्वतःची व्यवस्था फेब्रुवारी २००७ पासून, २.६.२० या आवृत्तीपासून आहे. प्रोसेसरची ती खास तरतूद एका वेळी एकालाच वापरता येते. पूर्वी केव्हीएम तिच्यावर हक्क सांगे तो प्रत्यक्ष गरज पडल्यावर, परंतु नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ या कर्नेलपासून ते आत येताक्षणीच ती ताब्यात घेऊन बसते. उबुंटू २४.०४ च्या डेस्कटॉपांवर ऑगस्ट २०२५ पासून ६.१४ हा कर्नेल पोहोचला, आणि ज्यांनी कशालाही हात लावला नव्हता अशांची व्हर्च्युअलबॉक्से एकाएकी थांबली. तात्पुरता इलाज म्हणजे ‘मॉडप्रोब’ या आज्ञेने इंटेलच्या यंत्रावर ‘केव्हीएम इंटेल’ आणि एएमडीच्या यंत्रावर ‘केव्हीएम एएमडी’ हे मोड्यूल काढून टाकणे. कायमचा इलाज म्हणजे ग्रबच्या, अर्थात लिनक्स सुरू करून देणाऱ्या कार्यक्रमाच्या, सेटिंगमध्ये कर्नेलला द्यावयाच्या सूचनांत ‘केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड=०’ हे कलम, अर्थात रोमन लिपीत आणि मध्ये जागा न सोडता, घालून ग्रब अद्ययावत करणे.

परंतु हे कलम घालण्यापूर्वी क्षणभर थांबून विचारावे, की जो यजमानाच्या गाभ्यातच आहे त्याला हाकलून बाहेरच्याला जागा देण्याचा अट्टहास कशासाठी? केव्हीएमला मोड्यूल बांधावे लागत नाही, हेडर लागत नाहीत, त्याच्यावर कर्नेलबरोबरच सही झालेली असल्याने निळा पडदा येत नाही, आणि लाइन गेल्याने त्याची बांधणी अर्धवट राहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. व्हर्ट-मॅनेजर नावाचा खिडक्यांचा कार्यक्रम बसविला, आपले नाव ‘लिबव्हर्ट’ या गटात घातले, आणि विंडोजसाठी आभासी डिस्क साटा प्रकारची निवडली, म्हणजे वेगळा ड्रायव्हर शोधावा न लागता विंडोज त्यात बसते. त्याच्या खिडक्या व्हर्च्युअलबॉक्सइतक्या आर्जवी नाहीत, आणि आपल्याकडे एकमेकांना शिकविणारे बहुतेक लोक व्हर्च्युअलबॉक्सवरच शिकलेले असल्याने शंका विचारायला शेजारी मिळत नाही, या दोनच गोष्टी त्याच्या विरुद्ध आहेत. मुंबईच्या आयआयटीतून चालणाऱ्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे मूलभूत धडे मराठीत बोलून ठेवले आहेत, आणि ते ऐकून टर्मिनलची भीती गेलेल्या माणसाला व्हर्ट-मॅनेजर अवघड जाऊ नये.

व्हर्च्युअलबॉक्सच ठेवावयाचे ज्यांनी ठरविले आहे, त्यांच्यापुढे अखेरचे विघ्न डोंगलचे. आभासी विंडोज उघडते, श्रीलिपी बसते, आणि कुलूप सापडत नाही म्हणून बंद होते. लिनक्सला डोंगल दिसत असतो, पण तो पाहुण्याच्या हवाली करण्याचा अधिकार ‘व्हीबॉक्सयूजर्स’ या गटातील माणसालाच असतो, आणि संच बसविताना त्या गटात कोणालाच घातलेले नसते. ‘यूजरमॉड’ या आज्ञेने आपले नाव घालताना ‘ए’ आणि ‘जी’ ही दोन्ही अक्षरे पर्यायात हवीत, त्यांतले ‘जी’ मोठ्या लिपीतले. ‘ए’ गळाले तर आज्ञा आपल्याला नव्या गटात घालते खरी, परंतु प्रशासकाच्या गटासकट बाकीच्या सर्व गटांतून काढून टाकते, आणि मग स्वतःच्याच यंत्रावर सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा देण्याची सोय, चालेनासे होते. त्यानंतर एकदा लॉगआउट होऊन परत यावे, कारण गटाची नोंद प्रवेशाच्या वेळीच वाचली जाते. पाहुणी विंडोज ७ असेल तर सेटिंगमध्ये यूएसबी ३ ऐवजी २ निवडावे, कारण मुळात विंडोज ७ यूएसबी ३ ओळखीत नाही. आणि ऑक्टोबर २०२२ च्या सातव्या आवृत्तीपासून यूएसबी २ आणि ३ ची ही सोय व्हर्च्युअलबॉक्सच्या मूळ संचातच आली असल्याने पूर्वीप्रमाणे वेगळा विस्तारसंच शोधत बसण्याची गरज राहिलेली नाही. मग डोंगलसाठी फिल्टर जोडला की ते कुलूप दरवेळी आपोआप पाहुण्याकडे जाते.

अशा पाहुण्याला इंटरनेट देऊ नये, कारण देखभाल संपलेली विंडोज आत असली तरी विंडोजच असते. तिचा रीतसर परवानाही आपल्याजवळ असावा लागतोच. ८ जीबी स्मृतीच्या यंत्रावर तिला ३ जीबी पुष्कळ होतात. एक सामायिक फोल्डर ठेवला म्हणजे फाइलींची ने-आण होते.

आणि हे सर्व जुळून आल्यावर मी तरी पहिले काम रूपांतराचे सांगेन: जुनी पत्रिका, जुना ठराव, जुना अर्जाचा नमुना, जो जो उघडेल तो तो युनिकोडमध्ये करून लिनक्सच्या बाजूला आणून ठेवावा, कारण डोंगल ही यूएसबीची काडी आहे आणि ती एक दिवस तुटणार, हरवणार किंवा बंद पडणार. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी, साठवलेली असते आणि रफार व्यंजनाच्या नंतर. युनिकोडमध्ये हे दोन्ही क्रम नेमके उलट होतात. त्यामुळे ‘किन्हीराजा’ ची वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसण्याचे आणि ‘सूर्यवंशी’ चा रफार एक घर चुकण्याचे प्रकार हमखास घडतात, आणि लग्नपत्रिकेत आडनावच चुकले तर गिऱ्हाईक पैसे देत नाही. तेव्हा तपासणी मजकुरापासून न करता नावांपासून सुरू करावी.